एकत्र बसवलं, तरी वर्ग एक का होत नाही?

सर, तुमचा प्रश्न असा आहे. वाळवा तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये तुम्ही नववीचे वर्गशिक्षक. वर्गात गावठाणातली आणि मळ्यातली बागायतदारांची मुलं आहेत, गावाबाहेरच्या वस्तीतली आहेत, शिवाय ऊसतोडीला येऊन इथेच राहिलेल्या कुटुंबांचीही काही आहेत. मुलं आपापल्या कोंडाळ्यात बसतात, डबा वेगवेगळा खातात, मॉनिटर वर्षानुवर्षं एकाच बाजूचा होतो. तुम्ही बाकं बदलून पाहिली, वर्गाचं स्नेहभोजन केलं, सहलीत मुद्दाम सगळ्यांना मिसळून बसवलं. चार दिवस बरं वाटलं आणि मग जैसे थे. वस्तीतल्या एका मुलाने तर तोंडावर सांगितलं, "सर, जेवायला एकत्र, पण मॅचमध्ये बॅटिंग त्यांचीच." सहकाऱ्यांचं म्हणणं, जातीपातीचा विषयच काढू नका, आपोआप मिटेल. आणि तुम्हाला हवंय ते हे, की मानसशास्त्रात यावर काही ठोस आहे की नुसता उपदेशच.

ठोस आहे. मी सांगलीत मानसशास्त्र शिकवते आणि शाळांमधल्या शिक्षकांबरोबर, वसतिगृहांच्या अधीक्षकांबरोबर याच विषयावर काम करते, त्यामुळे संशोधन काय सांगतं आणि आपल्याकडच्या वर्गात त्यातलं काय टिकतं, दोन्ही लिहिते. लांबेल, पण घाईत उरकण्यासारखा हा विषय नाही.

आधी प्रश्नाची फोड करू. मुलं गट का करतात, हा एक प्रश्न. त्या गटांमध्ये कोणाच्या हातात काय आहे, हा दुसरा. तुमचे सगळे प्रयत्न पहिल्या प्रश्नावर झालेत. वस्तीतला तो मुलगा दुसऱ्या प्रश्नाबद्दल बोलतोय.

पहिल्याचं उत्तर बरंच जुनं आहे. हेन्री ताजफेल हा पोलंडमध्ये जन्मलेला ज्यू मानसशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात तो फ्रेंच सैन्यात होता, जर्मनांच्या कैदेत राहिला आणि सुटून आला तेव्हा त्याच्या घरची बहुतेक माणसं मारली गेली होती. पुढे ब्रिस्टलमध्ये १९७०च्या सुमारास त्याने जे प्रयोग केले, त्यातली मुलं तुमच्या नववीच्याच वयाची होती, १४-१५ वर्षांची. त्यांना क्ले आणि कँडिन्स्की या दोन चित्रकारांची चित्रं दाखवली आणि सांगितलं, तुझी आवड अमक्याकडे झुकते, म्हणून तू त्या गटात. प्रत्यक्षात गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडले होते. मग एकेकाला वेगळं बसवून आकड्यांच्या जोड्यांचा कागद दिला. वरचा आकडा तुझ्या गटातल्या कुणाला तरी, खालचा दुसऱ्या गटातल्या कुणाला तरी, आणि या गुणांचे पुढे पैसे मिळणार. निवडणाऱ्याला स्वतःला त्यातून काहीच नाही. अशा एका कागदावर एका टोकाला ७ आणि १ होते, मध्ये १३ आणि १३, दुसऱ्या टोकाला १९ आणि २५. आपल्या गटाचं भलंच करायचं तर १९ घ्यावेत, सरळ हिशेब आहे. मुलांचा ओढा मात्र उलटीकडे होता. आपल्याला कमी मिळालं तरी चालेल, पण त्यांच्यापेक्षा जास्त पाहिजे.

म्हणजे गट पडायला जुनं वैर लागत नाही, पैशाचं भांडण लागत नाही, एक नाव दिलं तरी पुरतं. म्हणून तुमच्या वर्गातली कोंडाळी बघून मुलांच्या मनात काही वाईट आहे असं समजू नका. ज्यांच्याबरोबर रोज सायकलवरून येतो त्यांच्याजवळ माणूस बसणारच.

पण ताजफेलचे दोन गट बरोबरीचे होते. तुमच्या वर्गातले नाहीत. एका बाजूच्या घरांत विहीर आहे, ट्रॅक्टर आहे, सोसायटीत नाहीतर पंचायतीत कुणीतरी बसलेलं आहे. दुसऱ्या बाजूच्या मुलाची आई त्याच घराच्या उसात खुरपायला जाते. ही मुलं वर्गात येतात तेव्हा आईबापांमधलं हे नातं दप्तराबरोबर आत येतं. बाक बदलल्याने ते बदलत नाही.

सत्तेचा एक परिणाम मला वर्गात फार स्पष्ट दिसतो. सुझन फिस्क या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९३ मध्ये मांडलं की ज्याच्या हातात सत्ता असते त्याला खालच्या माणसाकडे बारकाईने बघायची गरज पडत नाही, म्हणून तो ठोकळेबाज समजुतींवर भागवतो. खालच्याला मात्र वरच्याचा सगळा स्वभाव ठाऊक ठेवावा लागतो. हे तुम्ही उद्याच्या ऑफ तासाला पडताळून पाहू शकता. प्रत्येकाला कोरा कागद द्या आणि वर्गातल्या पाच मुलांची नावं तुम्हीच फळ्यावर लिहा, सगळ्या भागांतली. त्या प्रत्येकाच्या घरी कोण कोण आहे, त्याला काय आवडतं, कशाचा राग येतो, एवढं लिहायला सांगा. कागद गोळा करा, वाचून दाखवू नका. वस्तीतल्या मुलांना मळ्यातल्या मुलांच्या भावंडांची नावं, गाडीचा नंबर, कुणाचा पप्पा तापट आहे, सगळं माहीत असतं. उलट दिशेने बहुतेकदा कोरं, किंवा "चांगला आहे, शांत आहे" एवढंच. शिक्षकांच्या शिबिरात मी हे करून घेते, आणि कागद वाचताना खोलीतला सूर बदलतो, कारण मग कुणी "आमच्यात तसलं काही नाही" म्हणत नाही.

आता एकत्र आणण्याचं. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये लिहिलं की दोन गटांची नुसती गाठ पडून पूर्वग्रह कमी होत नाही, त्याला चार अटी आहेत: त्या प्रसंगापुरता तरी दर्जा बरोबरीचा हवा, ध्येय एक हवं, ते गाठायला एकमेकांची गरज पडायला हवी, आणि वरच्यांचा, म्हणजे संस्थेचा, कायद्याचा, उघड पाठिंबा हवा. पुढे पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी २००६ मध्ये ५१५ अभ्यास एकत्र करून तपासले. एकमेकांत मिसळण्याने पूर्वग्रह साधारणपणे कमी होतो, चारही अटी पुऱ्या नसल्या तरी थोडा होतो, आणि पुऱ्या असल्या तर जास्त होतो, असं त्यात निघालं. तेव्हा तुमचं स्नेहभोजन वाया गेलं असं मी म्हणणार नाही.

तरी आपल्या भागातल्या माणसांनी हे फक्त परदेशी नावांतून शिकावं याचं मला वाईट वाटतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काल्याला रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचं वसतिगृह सुरू केलं. गांधीजींच्या हस्ते १९२७ मध्ये त्याला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं. ऑलपोर्टच्या चार अटी हातात घेऊन ते बोर्डिंग बघा. मुलं एका छपराखाली राहायची, स्वयंपाक स्वतः करायची, अंगमेहनतीची कामं वाटून घ्यायची. अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या घरातला मुलगा तिथे पाहुणा म्हणून पंगतीला बसलेला नव्हता. तो त्याच चुलीचा स्वयंपाकी होता, आणि त्याने पाळी चुकवली तर सगळे उपाशी. वर अण्णांचा, म्हणजे कर्मवीरांचा, नियम होता आणि त्याला अपवाद नव्हता. स्नेहभोजनात आणि त्या बोर्डिंगात जो फरक आहे तोच तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे. तुमच्या स्नेहभोजनात स्वयंपाक कुणी केला, वाढलं कुणी, आणि शेवटी भांडी कुणी घासली, हे आठवून बघा.

यापुढचं संशोधन थोडं कडू आहे, पण ते तुम्हाला माहीत असायला हवं. तमार सागाय आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक प्रयोग छापला. प्रयोगशाळेतच दोन गट केले, एकाच्या हातात वाटपाचा अधिकार, दुसऱ्याच्या नाही. काही वेळा त्यांना आपल्यात सारखं काय आहे यावर गप्पा मारायला लावल्या, काही वेळा वेगळं काय आहे यावर. सारखेपणाच्या गप्पांनंतर वातावरण छान झालं, आणि अधिकार नसलेल्या गटाला वाटू लागलं की आता हे आपल्याला न्यायाने देतील. प्रत्यक्ष वाटप झालं तेव्हा अधिकारवाल्यांनी स्वतःच्या गटाकडेच झुकतं माप ठेवलं, वेगळेपणावर बोलल्यानंतर ठेवलं होतं तेवढंच. गोड वातावरणाने खालच्यांची अपेक्षा वाढली, वरच्यांचा हात सैल झाला नाही. तुमच्या वस्तीतल्या मुलाला हा अनुभव बॅटिंगच्या वेळी आला. त्याची तक्रार म्हणजे कुरकुर नव्हे, ते नेमकं निरीक्षण आहे, आणि माझ्या मते तुमच्या वर्गातला तो सर्वांत मोलाचा मुलगा आहे.

आता सहकाऱ्यांच्या सल्ल्याकडे येते, विषयच काढू नका. यात अर्धं तथ्य आहे, म्हणून जरा थांबून बोलावं लागेल. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. ३२१ मुलं वरच्या म्हटल्या जाणाऱ्या जातींतली, ३२१ खालच्या. सोडवलेल्या कोड्यांवर पैसे. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दोन्हीकडची मुलं सारखीच कोडी सोडवत होती. दुसऱ्या तुकड्यांमध्ये सुरुवातीला सगळ्यांसमोर प्रत्येकाचं नाव, गाव, बापाचं नाव, आजोबाचं नाव आणि जात उच्चारली गेली. एवढ्यानेच खालच्या जातींतल्या मुलांची कामगिरी घसरली आणि दोन गटांत दरी पडली. डोकं तेच, कोडी तीच. हा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्यावरच्या शिक्क्याच्या दडपणाने कामगिरी घसरते, या कल्पनेवर इतर देशांत बरेच प्रयोग झालेत, आणि नंतरच्या मोठ्या तपासण्यांत परिणाम आधी वाटला त्यापेक्षा लहान निघालाय. म्हणून मी त्यावर सगळा भार टाकत नाही. पण हा अभ्यास आपल्याच समाजातला आहे, आणि "शिष्यवृत्तीवाल्यांनी उभं राहा, जातीचे दाखले कुणी कुणी आणले नाहीत?" हे भरल्या वर्गात, कधीकधी घटक चाचणीच्या पेपरआधी, विचारलं जाताना मी पाहिलंय. ते बंद करा. याद्या ऑफिसात ठेवा, मुलाला मधल्या सुट्टीत एकट्याला बोलवा. याला एक पैसा लागत नाही.

एवढ्यापुरतं सहकाऱ्यांचं बरोबर आहे. मुलावर शिक्का मारू नये. पण विषय गिळून टाकणं ही वेगळी गोष्ट आहे. तुमच्याकडे त्यासाठी आयती जागा आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी छोटा भीमराव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाला; ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते, आणि त्या तारखेला राज्यातल्या शाळांत विद्यार्थी दिवस साजरा होतो. बहुतेक ठिकाणी फोटोला हार घालून तो उरकतात. त्याऐवजी परिपाठानंतर एक अख्खा तास घ्या. साताऱ्यातल्या त्या शाळेत आपण गोणपाटाच्या तुकड्यावर वेगळे बसायचो, तो तुकडा रोज घरी न्यावा लागायचा, आणि शिपायाने नळ सोडला तरच पाणी प्यायला मिळायचं, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. मुलांना विचारा: हा नियम कुणी केला असेल? वर्गातल्या इतर मुलांना तो योग्य का वाटला असेल? शिपाई रजेवर असेल तर काय होत असेल? इथे बोलणं नियमाबद्दल होतं, समोर बसलेल्या एखाद्या पोराबद्दल नाही. आणि त्या तासाला वस्तीतल्या मुलांकडे वळून "तुम्ही सांगा" असं चुकूनही म्हणू नका. आपल्या समाजाचा प्रतिनिधी होण्याचं ओझं चौदा वर्षांच्या मुलावर टाकायचं नसतं.

आता प्रत्यक्ष काय करायचं. आधी पंधरा दिवस काही बदलू नका, फक्त बघा, आणि विज्ञानाच्या प्रयोगाच्या तासाला बघा. गट पाच-सहा जणांचा असतो. परीक्षानळी कुणाच्या हातात आहे, बर्नर कोण पेटवतो, आकडे कोण लिहितो, पाणी आणायला कोण पळतो आणि तास संपल्यावर चंचुपात्र कोण धुतो. मी नेहमी हीच जागा निवडते, कारण तिथे कुणी बोलून दाखवत नाही, हात बोलतात. वहीत तारीखवार टिपत जा. बहुधा दिसेल की नळी दोनच हातांत फिरते आणि धुणारेही ठरलेले आहेत. मग कामांच्या चिठ्ठ्या करा आणि दर प्रयोगाला पाळी फिरवा. मुलांना भाषण देऊ नका. पाळी आहे, एवढंच सांगा.

दुसरं, धड्याची वाटणी. इलियट अॅरन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात ही पद्धत बसवली, तिथल्या शाळांत गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि तंटे चालू होते तेव्हा. धडा पाच तुकड्यांत फोडायचा, गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा द्यायचा, बाकीचा धडा त्याला सोबत्यांकडूनच कळणार, आणि चाचणी सगळ्यावर. तुमच्या भागात याला प्रतिसरकारचा विषय फार चांगला बसतो: १९४२ची पार्श्वभूमी, क्रांतिसिंह नाना पाटील, गावोगावची न्यायदान मंडळं, तुफान सेना, आणि सरकारशी झालेला संघर्ष. एक काळजी मात्र घ्या. ज्याचं वाचन कच्चं आहे त्याला थेट गटात बोलायला लावलं तर तो अडखळेल, बाकीचे वैतागतील, आणि जुनी समजूत पक्की होईल. म्हणून आधी वेगवेगळ्या गटांतल्या, पण तोच तुकडा मिळालेल्या मुलांना एकत्र बसवून तयारी करून घ्या. अॅरन्सननीही तेच केलं होतं. बोर्डिंगातल्या स्वयंपाकाच्या पाळीसारखंच हे आहे, ज्याच्याकडे तुकडा आहे त्याच्यावाचून बाकीच्यांचं अडतं.

तिसरं, पदं. मॉनिटर, ग्रंथालयाची किल्ली, क्रीडासाहित्याची पेटी, गॅदरिंगचं निवेदन. हे सगळं फिरतं ठेवा, पण एक गोष्ट आधीच मनाशी धरा: पहिल्या फेरीत तक्रारी येणारच. पश्चिम बंगालमध्ये आरक्षणामुळे बायका ग्रामप्रधान झाल्या, त्यावर लोरी बीमन, एस्थर डुफ्लो वगैरेंनी २००९ मध्ये काम छापलं. एकच भाषण कुठे पुरुषाच्या आवाजात, कुठे बाईच्या आवाजात ऐकवलं. जिथे बाई प्रधान कधी झालीच नव्हती तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजातलं भाषण कमी दर्जाचं ठरवलं. जिथे बाईचा कारभार पाहिला होता तिथे हा दुजाभाव जवळजवळ गेला होता. पण पहिल्यांदा प्रधान झालेल्या बाईला काम करूनही लोक कमीच लेखत होते, आणि खुल्या जागेवर बायका निवडून येण्याचं प्रमाण वाढलं ते लागोपाठ दोन खेपा आरक्षण झालेल्या ठिकाणी. तेव्हा वस्तीतला पहिला मॉनिटर झाला की "त्याला वर्ग सांभाळता येत नाही" हे तुम्हाला ऐकवलं जाईल, स्टाफरूममधूनही. त्याला पहिल्याच महिन्यात काढलंत तर न नेमण्यापेक्षा जास्त नुकसान होईल. आणि मुली विसरू नका. मळ्यातली असो की वस्तीतली, दोन्हीकडच्या मुली बहुतेक याद्यांत शेवटी असतात.

चौथं, खेळ, म्हणजे त्या मुलाची बॅटिंग. मॅट लोव यांनी उत्तर प्रदेशात १,२६१ तरुण घेऊन महिनाभराच्या क्रिकेट स्पर्धांचा प्रयोग केला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. जे वेगवेगळ्या जातींच्या मिश्र संघात एकत्र खेळले त्यांच्यात जातीबाहेरच्या मैत्र्या वाढल्या. समोरासमोर विरुद्ध खेळण्याने तसं झालं नाही, उलट परिणाम उणे गेला. त्यामुळे क्रिकेट असो, कबड्डी असो की खो-खो, गल्ली विरुद्ध वस्ती असे संघ पाडू देऊ नका. संघ तुम्ही पाडा, आणि बॅटिंगचा क्रम आधी कागदावर लिहून लावा.

मुलांना आपोआप सोडलं तर भांडतातच, असं कुणी म्हणालं तर मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांची गोष्ट सांगा. १९५४च्या ओक्लाहोमातल्या शिबिरात २२ मुलांचे दोन गट कसे एकमेकांवर तुटून पडले ते पुस्तकांत असतं. त्याआधी १९५३ मध्ये त्याच संशोधकांनी घेतलेल्या शिबिरात मुलं भांडायला तयारच झाली नाहीत आणि ते गुंडाळावं लागलं, हे मात्र क्वचित शिकवलं जातं. भांडण पेटण्यात आणि न पेटण्यात मोठ्या माणसांचा वाटा फार असतो.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तुम्हीच ठरवायच्या. ऊसतोड कुटुंबांतलं एखादंच मूल वर्गात असेल तर मिश्र गट करताना त्याला एकटं पाडू नका, ओळखीचं एक तरी सोबत ठेवा, भले एखादा गट असमतोल होईना. हंगाम संपल्यावर निघून जाणारी मुलं असतील तर त्यांना लांब मुदतीचं पद देण्याऐवजी लगेच दिसणारी जबाबदारी द्या. गावात नुकतंच निवडणुकीवरून किंवा लग्नावरून जातीचं प्रकरण तापलं असेल तर हे प्रयोग पुढे ढकला. त्या काळात मुलांची सुरक्षितता आधी, येण्याजाण्याच्या वाटेवरची सुद्धा. आणि एखाद्या मुलाला जातीवरून शिवीगाळ किंवा मारहाण होत असेल तर तो गटकामाचा विषय उरत नाही. त्याच दिवशी मुख्याध्यापकांना लेखी कळवा आणि कायद्याने जे करायचं ते करा. समेट घडवण्याच्या भरात त्या मुलाला गप्प बसवलं जातं, हे मी होताना पाहिलंय आणि त्याची चीड येते.

राहिला पालकांचा प्रश्न. मॉनिटर बदलला की एखादा वजनदार पालक शाळेत येईल. त्या दिवशी तुम्ही एकटे असू नये. म्हणून सगळं सुरू करण्याआधी मुख्याध्यापकांकडून एक साधी सूचना काढून घ्या, की यंदा सर्व वर्गांत पदं दर महिन्याला हजेरीपटाच्या क्रमाने फिरतील. सर्व वर्गांत, फक्त तुमच्या नाही. ती पालकसभेत त्यांनीच वाचावी, इतिवृत्तात नोंदवावी आणि नोटीस बोर्डावर लावावी. पालक आले की त्यांना बोर्डाकडे न्या. डिसेंबरात गॅदरिंगची कामं वाटली गेली की प्रयोगशाळेतल्या तुमच्या टिपणांशी ती यादी ताडून बघा, आणि काय निघालं ते इथेच खाली लिहा. मी पुढचं सांगेन.